ग्रँड ज्युरीचं इन्डाइटमेंट आणि खुनाच्या खटल्यातला जामीन: सांगलीहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एका गृहस्थांचा पुतण्या न्यू जर्सीत नोकरीला आहे. भांडणात एकाचा जीव गेला, पुतण्याला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, आठवड्याभरात न्यायाधीशांनी त्याची सुटका नाकारली आणि दोन महिन्यांनी ग्रँड ज्युरीने (खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या गटाने) त्याला इन्डाइट केलं, म्हणजे त्याच्यावर औपचारिक आरोप ठेवला. ते विचारतात: ज्युरीनेच दोषी ठरवलं, तर आता खटल्यात उरलं काय? आमच्या वकिलाला त्या खोलीत का जाऊ दिलं नाही? आणि घर गहाण टाकून पैसे भरायची आमची तयारी असताना जामीन का मिळत नाही?

मी न्यू जर्सीत फौजदारी बचावाची वकिली करते, त्याआधी पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींचा बचाव करणाऱ्या, कार्यालयात होते. हे तिन्ही प्रश्न मला भारतातल्या कुटुंबांकडून याच क्रमाने येतात. पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण त्यावाचून घरात कुणाला झोप लागत नसणार. तुमच्या पुतण्याला कुणीही दोषी ठरवलेलं नाही. ग्रँड ज्युरीला तो अधिकारच नाही. तिने एवढंच म्हटलं आहे की सरकारी वकिलांनी दाखवलेला पुरावा पाहता हा गुन्हा घडला असावा आणि तो या माणसाने केला असावा असं मानायला वाजवी कारण आहे, म्हणून खटला पुढे चालावा. दोषी ठरवणारी ज्युरी वेगळी असते. ती १२ जणांची असते, उघड न्यायालयात बसते, दोन्ही बाजू ऐकते आणि वाजवी शंकेला जागा उरली नाही तरच, तेही एकमताने, दोषी म्हणते. एकमताची ही अट आता प्रत्येक राज्याला बंधनकारक आहे. २०२० साली रामोस विरुद्ध लुइझियाना या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. तो खटलाही खुनाचाच होता आणि आरोपीला १० विरुद्ध २ मतांनी दोषी धरलं गेलं होतं.

तुम्ही भारतातली पद्धत डोक्यात ठेवून विचार करताय, ते साहजिक आहे. तिकडे पोलीस तपास करून आरोपपत्र दाखल करतात, खून असेल तर प्रकरण सत्र न्यायालयात जातं, तिथे आरोप निश्चित होण्याआधी तुमचा वकील उभा राहून ‘या पुराव्यावर खटलाच उभा राहत नाही, आरोपीला मुक्त करा’ असा युक्तिवाद करू शकतो. अमेरिकेत खटला चालण्याजोगा आहे की नाही ही चाळणी अनेक राज्यांत नागरिकांच्या हातात आहे. राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीने १७९१ सालापासून सांगितलं आहे की देहदंडाच्या किंवा तशा गंभीर गुन्ह्यासाठी ग्रँड ज्युरीच्या इन्डाइटमेंटशिवाय कुणावर खटला चालवायचा नाही. मूळ हेतू सामान्य माणसाच्या संरक्षणाचा होता: राजाच्या वकिलाला कुणावर सूड उगवायचा असेल तर आधी शेजारपाजारच्या लोकांना पटवून दाखव. ही पद्धत इंग्लंडची. इंग्लंडने ती १९३३ साली मोडीत काढली. मुंबईतही कंपनीच्या काळातल्या सुप्रीम कोर्टात ग्रँड ज्युरी बसत असे, ती १८६५ साली बंद झाली. (नानावटी खटल्यात जी ज्युरी गाजली ती ही नव्हे, ती निकाल देणारी ज्युरी होती.)

पण पाचव्या दुरुस्तीतलं हे कलम फक्त केंद्र सरकारच्या खटल्यांना लागू आहे. १८८४ साली हुर्तादो विरुद्ध कॅलिफोर्निया या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यांवर ग्रँड ज्युरीची सक्ती नाही. हुर्तादोवर खुनाचा आरोप होता, सरकारी वकिलाने स्वतःच्या सहीने तो दाखल केला होता आणि त्याला फाशीची शिक्षा झाली होती. तो निकाल आजही कायम आहे. म्हणून ‘अमेरिकेत असं असतं’ असं कुणी तुम्हाला सांगितलं तर लगेच विचारा, कुठल्या राज्यात? न्यू जर्सीच्या स्वतःच्या घटनेत ग्रँड ज्युरीची अट आहे. न्यूयॉर्क आणि टेक्सासमध्येही गंभीर गुन्ह्यांना ती लागते. फ्लोरिडात देहदंडाच्या गुन्ह्याला, म्हणजे पहिल्या दर्जाच्या खुनाला, लागतेच. कॅलिफोर्नियात बहुतेक खुनाचे खटले प्राथमिक सुनावणीने पुढे जातात: न्यायाधीश बसतात, साक्षीदार येतात, आरोपीचा वकील उलटतपासणी घेतो.

या दोन वाटांतला फरक कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे. १९९४ साली ओ. जे. सिम्पसनच्या प्रकरणात लॉस एंजेलिसची ग्रँड ज्युरी काम करत होती. पण प्रसिद्धीचा गदारोळ इतका झाला की न्यायाधीशांनी तिला त्या प्रकरणातून बाजूला केलं. मग उघड प्राथमिक सुनावणी झाली आणि बचावाच्या वकिलांना सरकारी साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी खटल्याच्या कितीतरी आधी मिळाली. आयडाहोत २०२२ साली चार विद्यार्थ्यांचे खून झाले, तिथे उलट घडलं. प्राथमिक सुनावणीची तारीख लागलेली होती, तिच्या काही आठवडे आधी, मे २०२३ मध्ये, सरकारी वकिलांनी ग्रँड ज्युरीकडून इन्डाइटमेंट मिळवलं आणि ती सुनावणी होण्याचं कारणच संपलं. आपले साक्षीदार लवकर उलटतपासणीला द्यायचे नसतील तर सरकारी वकिलांना हा रस्ता सोयीचा पडतो. बचाव पक्षाची वकील म्हणून मला हे खटकतं आणि मी ते लपवत नाही. साक्षीदाराची आठवण ताजी असताना त्याला प्रश्न विचारता येणं हे दोन्ही बाजूंच्या हिताचं असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वकिलाला आत का नाही. ग्रँड ज्युरीच्या खोलीत न्यायाधीश नसतात. सरकारी वकील, साक्षीदार, कामकाज टिपून घेणारा कर्मचारी, गरज पडली तर दुभाषी, आणि ज्युरर. न्यू जर्सीत हे ज्युरर जास्तीत जास्त २३ असतात आणि त्यातल्या १२ जणांचं मत पडलं की इन्डाइटमेंट होतं. केंद्राच्या ग्रँड ज्युरीत १६ ते २३ जण आणि तिथेही १२ मतं. टेक्सासमध्ये १२ जण बसतात आणि ९ मतं पुरतात. सारं कामकाज गुप्त असतं. आरोपीला बोलावणं येतंच असं नाही, बहुतेकदा येत नाही. सरकारी वकील कुणाला बोलवायचं ते ठरवतात, कायदा समजावून सांगतात, मग बाहेर जातात आणि ज्युरर आपापसांत ठरवतात.

पुराव्याचे नियमही सैल आहेत. केंद्राच्या ग्रँड ज्युरीपुढे ऐकीव पुरावा चालतो, हे १९५६ सालच्या कॉस्टेलो निकालापासून ठरलेलं आहे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराऐवजी तपास अधिकारी येऊन ‘अमुक माणसाने मला असं सांगितलं’ म्हणाला तरी चालतं. आरोपीच्या बाजूचा पुरावा तिथे दाखवलाच पाहिजे असं बंधन केंद्राच्या सरकारी वकिलांवर नाही, हे १९९२ साली विल्यम्स खटल्यात ठरलं. न्यू जर्सी इथे थोडी पुढे आहे. १९९६ सालच्या हॉगन निकालानुसार आरोपी निर्दोष असल्याचं थेट आणि स्पष्टपणे दाखवणारा पुरावा सरकारी वकिलांच्या हाती असेल, तर तो त्यांनी ग्रँड ज्युरीपुढे ठेवला पाहिजे. ‘थेट’ आणि ‘स्पष्टपणे’ या दोन शब्दांवर पुढे बरंच भांडण होतं. घटनेच्या वेळी आरोपी दुसऱ्या गावात होता हे दाखवणारं चित्रण त्यात बसतं. ‘आमचा मुलगा तसा नाही’ हे बसत नाही.

न्यूयॉर्कचे नियम आरोपीला बरीच जास्त जागा देतात. तिथे आरोपीला ग्रँड ज्युरीपुढे स्वतः साक्ष द्यायचा कायदेशीर हक्क आहे, आणि तेव्हा त्याचा वकील खोलीत शेजारी बसू शकतो, मात्र बोलू शकत नाही. कुटुंबांना हे ऐकून फार आशा वाटते, ‘त्याला जाऊ दे, तो खरं सांगेल’ म्हणतात. खुनाच्या प्रकरणात मी क्वचितच याला होकार देईन. साक्ष देण्यासाठी स्वतःविरुद्ध न बोलण्याचं संरक्षण सोडून द्यावं लागतं, सरकारी वकील मनसोक्त उलटतपासणी घेतात आणि तो प्रत्येक शब्द खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येतो, तेही अशा वेळी जेव्हा सरकारकडे काय पुरावा आहे हे आपल्याला नीट माहीतही नसतं. स्वसंरक्षणाची बाजू अगदी स्वच्छ असेल, चित्रण असेल, साक्षीदार असतील, तेव्हाच तो विचार करावा.

सरकारने मागितलं की ग्रँड ज्युरी देतेच, असं सगळीकडे बोललं जातं आणि बऱ्याच अंशी ते खरं आहे. पण नेहमी नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये मिझुरीतल्या फर्ग्युसनमध्ये एका तरुणाला गोळी घालणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमध्ये एरिक गार्नरच्या मृत्यूप्रकरणी पोलीस अधिकाऱ्याला इन्डाइट करायला ग्रँड ज्युरींनी नकार दिला. त्या दोन्ही निर्णयांवर देशभर लोक रस्त्यावर आले, आणि त्यामागचा प्रश्न योग्य होता: सरकारी वकिलांना हवं तेव्हा सगळा पुरावा दाखवता येतो, तर इतरांच्या वेळी का दाखवला जात नाही? ग्रँड ज्युरी आरोप कमीही करू शकते, म्हणजे खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवू शकते. भांडणात घडलेल्या प्रकरणांत हे होतं. तुमच्या पुतण्याच्या इन्डाइटमेंटमध्ये नेमकी कोणती कलमं आहेत ती वकिलाकडून वाचून घ्या. न्यू जर्सीत खुनाला किमान ३० वर्षं, पॅरोलशिवाय, आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. रागाच्या भरात, पुरेशा चिथावणीमुळे झालेल्या मनुष्यवधाची शिक्षा त्याहून खूप कमी आहे. फाशीची भीती मनातून काढून टाका, न्यू जर्सीने २००७ साली देहदंड रद्द केला.

इन्डाइटमेंटला आव्हान देता येतं, पण ते सहसा टिकत नाही, आणि टिकलं तरी सरकार बहुतेकदा नव्याने ग्रँड ज्युरीकडे जाऊ शकतं. खुनाचा आरोप ठेवायला मुदतीची मर्यादा नाही. तरी प्रयत्न सोडायचा नसतो. न्यूयॉर्कमध्ये ग्रँड ज्युरीपुढचा पुरावा कायद्याने पुरेसा होता का हे न्यायाधीश तपासतात. एका मोठ्या आरोग्यविमा कंपनीच्या प्रमुखाचा डिसेंबर २०२४ मध्ये मॅनहॅटनमध्ये खून झाला. त्या खटल्यात सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी दहशतवादाशी जोडलेले दोन आरोप याच कारणाने रद्द केले. दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा आरोप मात्र कायम राहिला. ज्युरी कशी निवडली यावरही आव्हान देता येतं. १९६२ साली कॅलिफोर्नियात एका कृष्णवर्णीय माणसाला ज्या ग्रँड ज्युरीने इन्डाइट केलं, तिच्यातून कृष्णवर्णीयांना पद्धतशीर वगळलेलं होतं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची खुनाची शिक्षा रद्द केली, निकाल देणारी ज्युरी निर्दोष पद्धतीने निवडली असली तरी हा दोष धुऊन निघत नाही असं सांगून. पुढे त्याच्यावर पुन्हा खटला चालला आणि तो पुन्हा दोषी ठरला. एवढा मोठा विजयही सुटकेत संपत नाही, म्हणून मी कुटुंबांना ग्रँड ज्युरीवर सगळा जीव लावू नका म्हणते.

जीव लावायचा तो जामिनाच्या सुनावणीवर. ती बहुतेकदा इन्डाइटमेंटच्या आधी होऊन गेलेली असते, तुमच्याकडेही तसंच झालं. आरोपी बाहेर असला की वकिलाला साक्षीदार शोधायला मदत करतो, नोकरी टिकते, घर चालतं, डोकं ठिकाणावर राहतं. आत असलेला माणूस वर्षभराने थकतो आणि न केलेल्या गोष्टीचीही कबुली देऊन मोकळं व्हावं असं त्याला वाटू लागतं. हे मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे, आणि माझ्या मते या व्यवस्थेतला सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे.

‘पैसे भरायला तयार आहोत’ हे तुमचं म्हणणं दुसऱ्या राज्यात लागू पडलं असतं. न्यू जर्सीत नाही. २०१४ साली मतदारांनी घटनादुरुस्ती केली आणि १ जानेवारी २०१७ पासून इथे रोख जामीन जवळजवळ संपला. त्याआधी किरकोळ गुन्ह्यातला गरीब माणूस थोड्या पैशांअभावी महिनोन्महिने आत असायचा आणि गंभीर गुन्ह्यातला पैसेवाला बाहेर. आता न्यायाधीश विचारतात ते एवढंच: हा माणूस तारखेला येईल का, लोकांच्या जिवाला याच्यापासून धोका आहे का, साक्षीदारांवर दबाव आणेल का? अटकेनंतर ४८ तासांत हा विचार व्हावा लागतो. सरकारने अटकेत ठेवण्याचा अर्ज केला तर साधारण तीन कामाच्या दिवसांत सुनावणी होते, दोन्ही बाजूंना थोडी मुदत मागता येते.

खुनाच्या आरोपात मात्र कायदा सुरुवातच उलटी करतो. आरोपीला अटकेतच ठेवावं असं गृहीत धरलं जातं. ते गृहीतक मोडायची जबाबदारी आरोपीवर येते. त्याने पुरेशी माहिती पुढे ठेवून ते मोडलं, की मग सरकारला स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवावं लागतं की कुठल्याही अटी घालून याला सोडणं सुरक्षित नाही. म्हणजे दार बंद आहे, पण कुलूप नाही. खुनाच्या आरोपात सुटका होते, विरळा होते, आणि जिथे होते तिथे कुटुंबाने पहिल्या चार-पाच दिवसांत केलेली तयारी कारणीभूत असते. त्या सुनावणीत सरकारला साक्षीदार उभा करावा लागत नाही. २०१७ साली इन्ग्रॅम खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रांवर आणि वकिलाच्या निवेदनावर काम चालेल असं सांगितलं. पण ते कागद आपल्याला मिळतात, आणि सरकारची बाजू प्रथमच आपल्या हातात येते.

मग पुढे काय ठेवायचं? आरोपीची मुळं इथे किती खोल आहेत ते. किती वर्षं इथे आहे, घर कुणाच्या नावावर, बायकोमुलं कुठे, कंपनी परत घ्यायला तयार आहे का, आधी कधी कुठे अटक झाली होती का, कोण त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेईल आणि न्यायालयात उभं राहून तसं सांगेल. भारतीय नागरिकाच्या बाबतीत सरकारी वकिलांचा ठरलेला मुद्दा एकच असतो: हा विमानात बसून निघून जाईल. त्याला उत्तर तयार हवं. पासपोर्ट न्यायालयात जमा, पायाला जीपीएस पट्टा, घराबाहेर पडायला बंदी, आणि भारतात गेलाच तर अमेरिकेत परत पाठवण्याच्या कारवाईला विरोध करणार नाही असं लेखी. भारत आणि अमेरिकेत १९९७ साली प्रत्यार्पणाचा करार झालेला आहे, हेही न्यायालयाला सांगितलेलं बरं. सांगलीतली जमीन आणि घर दाखवून उपयोग होत नाही, कधी कधी नुकसान होतं, कारण परत जायला जागा आहे असंच त्यातून दिसतं. हे सांगताना मला वाईट वाटतं. तुमच्या पिढीने आयुष्यभर कमावलेलं तुम्ही प्रेमाने पुढे करता, आणि इथे त्याचा अर्थ उलटा लागतो.

इतर राज्यांचं थोडक्यात सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं माणूस टेक्सासात किंवा पेनसिल्वेनियात असेल. पेनसिल्वेनियाच्या घटनेनुसार ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते त्यात जामिनाचा हक्कच नाही. पहिल्या आणि दुसऱ्या दर्जाचा खून त्यात येतो. फ्लोरिडात सरकारला सुनावणीत फार भक्कम पुरावा दाखवावा लागतो, तरच जामीन नाकारता येतो. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पूर्ण रद्द केला, असं करणारं ते पहिलं राज्य. न्यूयॉर्कमध्ये खुनाच्या आरोपात पहिल्या पातळीचं न्यायालय जामीन देऊच शकत नाही, वरच्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. (तिथे त्या खटला चालवणाऱ्या न्यायालयालाच सुप्रीम कोर्ट म्हणतात, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं म्हणून घाबरू नका.) अटकेतल्या आरोपीचं प्रकरण १२० तासांत, मध्ये शनिवार, रविवार किंवा सुट्टी आली तर १४४ तासांत, ग्रँड ज्युरीकडून मंजूर झालं नाही किंवा प्राथमिक सुनावणी झाली नाही, तर सहसा त्याला सोडावं लागतं. म्हणून तिथे ग्रँड ज्युरी घाईने बसते.

टेक्सासमध्ये देहदंडाचा गुन्हा सोडून बाकी बहुतेक प्रकरणांत, साध्या खुनातही, जामीन हा हक्क होता. २००१ साली गॅल्व्हेस्टनमध्ये रॉबर्ट डर्स्ट या न्यूयॉर्कच्या धनाढ्य घरातल्या माणसाला शेजाऱ्याच्या खुनाच्या आरोपात तीन लाख डॉलरच्या जामिनावर सोडलं. तो पळाला आणि काही आठवड्यांनी पेनसिल्वेनियात दुकानातून किरकोळ वस्तू चोरताना पकडला गेला. खुनातून ज्युरीने त्याला २००३ साली मुक्त केलं. पळून जाण्याच्या वगैरे राहिलेल्या आरोपांवर न्यायाधीशांनी तीन अब्ज डॉलरचा जामीन ठेवला, आणि २००४ साली अपील न्यायालयाने तो अवाजवी ठरवून साडेचार लाखांवर आणला. कारण आठव्या दुरुस्तीत अवाजवी जामीन मागू नये असं लिहिलं आहे, आणि १९५१ सालच्या स्टॅक विरुद्ध बॉइल निकालाने जामिनाची रक्कम आरोपी हजर राहावा यासाठी असते, त्याहून जास्त नाही, असं सांगितलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये टेक्सासच्या मतदारांनी घटना बदलली आणि आता खुनासारख्या हिंसक गुन्ह्यांत पळून जाण्याचा किंवा लोकांना धोक्याचा मुद्दा सरकारने सिद्ध केला तर न्यायालयाला जामीन नाकारावाच लागतो. धोक्याच्या कारणाने खटल्याआधी अटकेत ठेवणं घटनेत बसतं, हे केंद्राच्या १९८४ च्या कायद्याबाबत १९८७ सालच्या सालेर्नो निकालात ठरलं. त्याच निकालात स्वातंत्र्य हा नियम आणि अटक हा काळजीपूर्वक मर्यादित केलेला अपवाद असंही लिहिलं आहे. मी ते वाक्य अजूनही अर्जात घालते.

जिथे रोख जामीन चालतो तिथे बॉण्ड देणाऱ्या खासगी कंपन्या असतात. त्या साधारण रकमेच्या दहा टक्के फी घेतात. दहा लाखांचा जामीन म्हणजे एक लाख डॉलर, आणि ते परत मिळत नाहीत, आरोपी निर्दोष सुटला तरी. शिवाय घर तारण घेतात. सही करण्याआधी वकिलाला दाखवा. मोठ्या रकमेच्या वेळी न्यायालय पैसा कुठून आला याचीही चौकशी करतं, म्हणून भारतातून नातेवाइकांनी पाठवलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा कागद ठेवा.

आता काही गोष्टी ज्या कुटुंबाच्या हातात आहेत आणि ज्यांनी मी चांगले खटले बिघडताना पाहिले आहेत. तुरुंगातून येणारे फोन ध्वनिमुद्रित होतात. मराठीत बोललं म्हणून ते सुटत नाही, सरकार दुभाषी आणतं, आणि ‘तू त्याला मारायला नको होतंस रे’ असं आईने रडत म्हटलेलं वाक्य इंग्रजीत ज्युरीपुढे फार वेगळं वाजतं. फोनवर तब्येत, जेवण, घरची खुशाली, बस्स. घटनेबद्दल एक अक्षर नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रकरणाची चर्चा नको. साक्षीदाराला ‘जरा समजून घे’ म्हणायला ओळखीतला कुणी गेला तर तो नवा गुन्हा ठरू शकतो आणि जामिनाची उरलीसुरली आशा जाते. मयत झालेल्याच्या कुटुंबाला भेटायला जावंसं वाटलं तरी वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका, तुमचं मन कितीही स्वच्छ असो. त्यांचंही माणूस गेलेलं आहे आणि सुनावणीत त्यांचं म्हणणंही न्यायालयापर्यंत पोचतं.

व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक धोका आहे. फौजदारी न्यायालयाने सोडलं तरी इमिग्रेशन खातं तुरुंगाच्या दारातून ताब्यात घेऊ शकतं. एच-वन-बी नोकरीला बांधलेला असतो, आणि अटकेत नोकरी गेली की राहण्याचा आधारच डळमळतो. म्हणून इमिग्रेशनचा वकील पहिल्याच आठवड्यात सोबत हवा, फौजदारी वकिलाशी बोलून काम करणारा. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे. न्यू जर्सीसाठी ती न्यूयॉर्कमधली भारतीय वाणिज्य वकिलात. ती वकील देत नाही, पण भेटायला येऊ शकते आणि कागदपत्रांत मदत करते. वकील परवडत नसेल तर पब्लिक डिफेंडर मिळतो. फुकटचा वकील म्हणून कमी समजू नका, खुनाचे खटले लढण्याचा अनुभव त्या कार्यालयांत बऱ्याचदा शहरातल्या महागड्या नावांपेक्षा जास्त असतो.

तुमच्या पुतण्याच्या बाबतीत आज काय करता येईल ते सांगते. न्यू जर्सीत अटकेत असलेल्या माणसाला ९० दिवसांत इन्डाइट करावं लागतं, ते त्यांनी केलं. त्यानंतर १८० दिवसांत खटला सुरू व्हायला हवा, पण अर्ज, तज्ज्ञांची तपासणी, बचावाने मागितलेल्या मुदती हे दिवस त्यातून वगळले जातात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त काळ जातो. भारतात ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा पक्का हक्क मिळतो, तसा इथे आपोआप काही होत नाही. मुदत चुकली तर वकिलाला अर्ज करून सुटका मागावी लागते. किती दिवस मोजले गेले आणि किती वगळले याचा हिशेब प्रत्येक तारखेला वकिलाकडून मागा. ग्रँड ज्युरीपुढच्या कामकाजाची लेखी प्रत आता मिळू शकते, ती मागवायला सांगा. साक्षीदार तिथे काय म्हणाले आणि पोलिसांच्या पहिल्या अहवालात काय होतं हे शेजारी ठेवून वाचलं की बऱ्याच ठिकाणी फरक सापडतो. सुटका नाकारल्याच्या निर्णयाविरुद्ध अपील झालं नसेल तर मुदत आहे का ते विचारा. आणि त्या सुनावणीच्या वेळी माहीत नसलेली महत्त्वाची माहिती पुढे आली असेल, एखादं चित्रण, वैद्यकीय अहवाल, स्वसंरक्षणाला दुजोरा देणारा साक्षीदार, तर सुनावणी पुन्हा उघडण्याचा अर्ज खटला सुरू होईपर्यंत केव्हाही करता येतो.